माझा भाचा बॉल सोडत नाही

लोकांना दुसरा विषयच उरलेला नाही. केस कापायला बसलो की न्हावी मानेवर वस्तरा टेकवून विचारतो, "काका, भाच्याचं नक्की काय झालं हो?" बीपी तपासायला गेलो तर डॉक्टर दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता तेच विचारतात आणि आकडा जास्त आला की मलाच मीठ कमी करायला सांगतात. मागे टेंभी नाक्याजवळ मित्राच्या मुलीचा साखरपुडा होता. मी ताट घेऊन उभा, पुरीचा घास तोंडाजवळ नेलेला, तेवढ्यात मुलाकडच्या एका गृहस्थांनी मला कोपऱ्यात घेतलं. त्यांचं म्हणणं असं की इथे ढिगाने रन काढणारी पोरं तिकडे जाऊन ढेपाळतात याचं कारण आहार. अंडी खात नाहीत. माझा भाचा रोज सहा अंडी खातो, असं मी सांगितलं. तर म्हणाले, मग जास्त होत असतील.

प्रत्येकाकडे कारण तयार आहे. कोणी म्हणतं प्रेशर, कोणी म्हणतं सिलेक्शनचं राजकारण, कोणी म्हणतं लग्न लवकर झालं. टीव्हीवरचे जाणकार म्हणतात टेम्परामेंट. या शब्दाची तर मला शिसारी आली आहे. ज्या पोराने आठ वर्षं एप्रिलच्या उन्हात सराव केला, बोट मोडलेलं असताना टेप लावून दीडशे काढले, त्याच्यात टेम्परामेंट नाही म्हणे. हे बोलणारा आमच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी स्वतः रिक्षाच्या रांगेत कोणी पुढे घुसला तर रांग सोडून घरी येतो.

खरं कारण मला माहीत आहे. म्हणून तर कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं.

तो माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. आठ सीझन त्याने डोमेस्टिक क्रिकेटमध्ये असे रन काढले की निवड समितीला त्याच्याकडे दुर्लक्ष करायला लाज वाटू लागली असावी. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याला देशाच्या टीममध्ये घेतलं. तीन टेस्ट खेळला, सहा डाव. त्यातल्या पाच डावांत तो एकाच पद्धतीने बाद झाला: ऑफ स्टंपच्या बाहेरचा बॉल, बॅटची कड, मागे झेल. मग त्याला घरी पाठवलं. आता तो एकोणतीस वर्षांचा आहे. हा सीझन चांगला गेला तर पुन्हा बोलावतील, नाहीतर मागे विशीतल्या पोरांची रांग उभी आहे आणि ती कोणासाठी थांबत नाही.

त्याला क्रिकेट मी शिकवलं. स्वतः मी ऑफिसच्या टीमच्या पुढे कधी गेलो नाही, हेही इथेच सांगून टाकतो. पाणीखात्यात नोकरी, दिवसभर फुटलेल्या लाइनी आणि तक्रारी, आणि रविवारी सकाळी कोपरला बुद्धविहाराच्या मागे पोरांना घेऊन खेळायचं. मैदान म्हणावं असं ते काही नव्हतं. तीन बाजूंना चाळी, चौथ्या बाजूला नाला, आणि तो पुढे खाडीला मिळायचा. पिच आखायला जागा एकच होती आणि त्या जागेत स्टंपांच्या मागे सात-आठ पावलांवर नाला यायचा. त्यामुळे आमच्याकडे कीपर नव्हता आणि स्लिपही नव्हती. उभं कुठे राहणार?

बॉल सारखे नाल्यात जायचे. काढायला बांबूला बांधलेली एक भोकाची बादली होती. काळा गाळ ढवळायचा, बॉल सापडला की विहाराच्या नळावर धुवायचा, आणि तरी तो वास हाताला संध्याकाळपर्यंत राहायचा. बॉल काढायला कोणी जायचं यावरून पोरांची रोज मारामारी. एका रविवारी मी वैतागलो आणि नियम करून टाकला. बॅट्समनने बॉल सोडला आणि तो नाल्यात गेला, तर बॅट्समनने आणायचा. बॅटला लागून गेला तर बॉलिंग टीमने आणायचा, शिवाय बॅट्समनला दोन रन.

दोन मिनिटांत केलेला नियम. भांडणं थांबली, मी खूश झालो. पण त्या दिवसापासून आमच्या मैदानावर बॉल सोडणं हा गुन्हा झाला आणि कड लागणं ही कमाई. कोणत्याही शहाण्या माणसाने जगात कुठे असा नियम केला नसेल. मी केला आणि वीस वर्षं चालवला.

भाचा तेव्हा सात-आठ वर्षांचा. त्याला नाल्याची भयंकर किळस होती. पहिल्याच आठवड्यात तो गाळात गुडघ्यापर्यंत फसला आणि बहिणीने त्याला दारातच उभा करून बादलीभर पाण्याने धुतला. त्यानंतर त्याने बॉल सोडणं सोडलं. कितीही बाहेर असो, हात लांब करून बॅट लावायचाच. डोळा असा तयार झाला की सीझन बॉलवर आला तेव्हाही बाहेरचा बॉल कव्हरमधून नाहीतर पॉइंटच्या मागून सीमेपार. मी लोकांना छाती फुगवून सांगायचो, "माझा भाचा बॉल सोडत नाही." पुढे एका पेपरात त्याच्यावर लेख आला तेव्हा मथळ्याखाली माझं हेच वाक्य छापलं होतं. ते कात्रण मी पाकिटात ठेवून फिरत होतो, सांगायला लाज वाटते.

आणि डोमेस्टिकमध्ये ते चालायचं. का चालायचं हे मला तेव्हा कळलं नाही, कळून घ्यायची इच्छाही नव्हती. इथल्या बऱ्याचशा पिचवर बॉल गुडघ्याच्या जरा वर येतो. बॉलर चांगला असला तरी जेवणानंतर त्याचे खांदे पडतात. कड लागली तरी बॉल स्लिपच्या पुढ्यात मरतो, नाहीतर स्लिपच काढून घेतलेली असते, कारण आमचे भाचेसाहेब ऐंशीवर खेळत आहेत. दर षटकात एखादा वाईट बॉल मिळतोच. तो तिथे चुकायचा, रोज चुकायचा, पण चुकीचे दोन रन मिळायचे. आमच्या नाल्यावरचाच हिशोब.

त्याची निवड झाली त्या दिवशी कोपरला नाक्यावर मोठा बॅनर लागला. त्यावर स्थानिक पुढाऱ्यांचे नऊ फोटो होते आणि खाली कोपऱ्यात भाचा, पासपोर्ट साइजचा. बहीण हॉस्पिटलात नर्स आहे, तिने ड्युटी संपवून येताना पेढे आणले आणि मला एकच वाक्य बोलली, "आता तरी त्याच्या मागे मागे करू नकोस. तिकडे त्याला सांगायला माणसं असतील." मला राग आला. वीस वर्षं मी राबलो आणि आता तिकडची माणसं.

पहिली टेस्ट थंड हवेच्या देशात, आपल्याकडे दुपारी साडेतीनला सुरू व्हायची. मी अर्धी रजा टाकून बहिणीकडे बसलो. पहिल्या डावात त्याने चाळीसच्या पुढे रन काढले, सुंदर काढले, आणि मग बाहेरच्या बॉलला हात लांब केला. कड लागली. घरात कोणाला काही वाटलं नाही, आम्हाला त्या आवाजाची सवय होती. पण इथे बॉल मेला नाही. तो तसाच छातीच्या उंचीने गेला आणि दुसऱ्या स्लिपच्या हातात बसला. दुसऱ्या डावात तेच. पुढच्या टेस्टमध्येही पहिल्या डावात तेच, दुसऱ्यात पायचीत. त्याच्या खेळात काहीच बिघडलं नव्हतं, हे कोणाला पटत नाही. तो जसा खेळत आला तसाच खेळत होता. चूक तीच जुनी, आता फक्त झेल पोहोचायला लागला होता.

दुसऱ्या टेस्टनंतर त्याचा फोन आला. मी मोहने गावात पाण्याच्या लाइनचं काम बघायला गेलो होतो. रस्ता खणलेला, जेसीबी चालू, एका हाताने कान दाबून मी फोनवर.

"मामा, इकडचे बॅटिंगचे सर म्हणतायत, पहिला तास ऑफ स्टंपच्या बाहेरचं काही खेळूच नको. सोडून दे. बॉलरला तुझ्याकडे येऊ दे. तू काय म्हणतोस?"

काय म्हणायला हवं होतं ते समोर लिहिलेलं होतं. चार डाव मी डोळ्यांनी पाहिले होते. पण मला ऐकू आलं ते इतकंच, की तीन आठवड्यांपूर्वी भेटलेला कोणी सर माझ्या वीस वर्षांवर काट मारतोय. मी जेसीबीवर आवाज चढवून म्हणालो, "अरे, ज्या गेमवर तू इथपर्यंत गेलास तो आता बदलणार? हे लोक सगळ्यांना एकच गोळी देतात. तू खेळणारा बॅट्समन आहेस, सोडणारा नाहीस. आपला गेम सोडू नकोस."

"हो ना," तो लगेच म्हणाला. "मलापण तेच वाटत होतं. चल, ठेवतो."

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन दोनदा भात वाढून घेतला. बायकोला सांगितलं, अजून मलाच विचारतो. इतका आनंद झाला होता. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिसऱ्या टेस्टमध्ये पहिल्या डावात अकरा, दुसऱ्यात दुसऱ्याच बॉलवर बाद. तो दुसरा बॉल इतका बाहेर होता की आमच्या मैदानावर तो नाल्यापर्यंतही गेला नसता, कडेच्या चाळीत गेला असता. तरी त्याने बॅट लावली. टीव्हीवरचा माणूस म्हणाला, सोडता आला असता. मी आवाज बंद केला. बहीण माझ्याकडे बघत होती. तिला फोनबद्दल माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं.

परत आल्यावर चार दिवस तो कोणाला भेटला नाही. पाचव्या दिवशी त्याचा मेसेज आला, सकाळी साडेसहाला ठाण्यात नेटवर ये, थ्रोडाउन टाक, म्हणजे सरावाला जवळून बॉल फेक. आता तो ठाण्यातच राहतो, घराजवळच्या मैदानावर त्याला नेट मिळतं. मी डोंबिवलीहून स्कूटरवर गेलो. पॅड बांधता बांधता तो म्हणाला, "मामा, बाहेर टाकत राहा. मी सोडणार आहे."

बॉल सोडणं म्हणजे काही न करणं, असं बघणाऱ्याला वाटतं. त्याला ते जमत नव्हतं. बॅट वर न्यायचा, पण हात अर्ध्यात खाली यायचे. सोडायचे ते खेळायचा, खेळायचे ते सोडायचा. तिसऱ्या-चौथ्या बॉलला त्याने ऐटीत बॅट खांद्यावर नेली आणि मागे ऑफ स्टंप उडाला. आपला ऑफ स्टंप कुठे आहे हे त्याला माहीतच नव्हतं. कधी माहीत असायची गरजच पडली नव्हती, कारण प्रत्येक बॉलला बॅट लावायची तर स्टंप कुठे आहे हे कशाला हवं? देशासाठी टेस्ट खेळून आलेला माणूस क्रीजवर उभा राहून मला विचारत होता, "हा खेळायचा होता की सोडायचा होता?" आणि मलाही नीट सांगता येत नव्हतं. मीही कधी सोडायला शिकवलं नव्हतं. मला स्वतःला येत नव्हतं.

दोन महिने आम्ही हेच केलं. नेटमध्ये त्याने ऑफ स्टंपच्या रेषेत चुन्याचा पट्टा ओढून घेतला, मोबाइल लावून शूटिंग घेतलं, रोज बघितलं. मग सीझन सुरू झाला. पहिल्याच मॅचला त्याने बॉल सोडला आणि बोल्ड झाला, बॅट डोक्यावर धरलेली. तो व्हिडिओ गावभर फिरला. बिल्डिंगच्या ग्रुपवर लोकांनी हसरे चेहरे टाकले, त्यात सेक्रेटरी पहिला. न्हाव्याने तर दाढीचा ब्रश बाजूला ठेवून मला तो मोबाइलवर दाखवला, जसा काही मी पाहिला नसेन. पुढच्या तीन मॅचमध्ये एक पन्नास. जो माणूस डोळे मिटून शंभर काढायचा तो आता वीस-पंचवीसला अडकत होता, आणि लोक म्हणू लागले की बाहेर जाऊन आल्यापासून पोराचा इथलाही खेळ गेला.

पाचव्या मॅचला पाटा पिच मिळालं, बॅट्समनला सोपं. पहिला तास तो सोडत होता, मी स्टँडमध्ये बसून प्रत्येक सोडलेल्या बॉलला मनात आकडा मोजत होतो. मग एक बॉल बाहेर आला, अगदी त्याच्या लाडक्या ठिकाणी, आणि त्याने हात लांब केला. चौकार. पुढचाही. नंतर त्याने दिवसभर एकही बॉल सोडला नाही. दोनदा कड लागली, दोन्ही वेळा बॉल रिकाम्या स्लिपमधून गेला. एकशे सत्तर केले. संध्याकाळपर्यंत माझ्या मोबाइलवर अभिनंदनाचे मेसेज येत होते. साखरपुड्यातल्या अंड्यांच्या गृहस्थांनी माझा नंबर शोधून फोन केला. आता नक्की बोलावतील, म्हणाले. मी मोबाइल पालथा ठेवला. बोलावलं तर हाच गेम घेऊन जाणार, आणि पुन्हा दुसऱ्या स्लिपच्या हातात.

दोन दिवसांनी सकाळी तो नेटवर आला तेव्हा मी बॉलची बादली उचललीच नाही.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"तू मला सांग काय झालं. दोन महिने आपण काय गोट्या खेळत होतो काय?"

"वैतागलो मामा. किती सोडणार? मारला आणि लागला. मग लागतच गेला."

"तिकडे लागणार नाही."

"माहितीये."

"माहितीये तर मग का केलंस?" माझा आवाज चढला. पलीकडच्या नेटमधली पोरं बघायला लागली. आणि मग जे इतके महिने लपवलं होतं ते मी सरळ सांगून टाकलं. की चूक त्याची नाहीच. नियम माझा होता, नाल्याच्या कंटाळ्याने केलेला. आणि मोहन्याहून फोनवर जे बोललो ते मी क्रिकेट म्हणून बोललो नव्हतो, मला त्या सरांचा राग आला होता म्हणून बोललो. ते सर बरोबर होते. मी मध्ये पडलो नसतो तर तिसऱ्या टेस्टमध्ये तो वेगळा खेळला असता, आणि आज टीममध्ये असता. तुझी जागा मी घालवली, असं मी त्याला म्हणालो.

मला वाटलं तो चिडेल. किंवा नाही रे मामा म्हणेल. मी दोन्हीची तयारी ठेवली होती.

तो ग्लोव्हजचा पट्टा सोडून परत लावत होता. म्हणाला, "सर बरोबर आहेत हे मला तेव्हाच कळत होतं."

"मग मला फोन कशाला केलास?"

"मला सोडायची भीती वाटत होती. सोडला आणि स्टंप गेला तर सगळं जग हसणार. टीममध्ये कोणाला विचारलं असतं तर सोड म्हणाले असते. घरी आईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती सरांचं ऐक. तू काय म्हणशील ते मला माहीत होतं, म्हणून तुला केला."

हे तो अगदी साधेपणाने बोलला, माझं मन दुखवायचा त्याचा हेतू नव्हता. इतके महिने मी समजत होतो की माझ्या शब्दाने त्याचं नुकसान झालं. इतकं तरी वजन आपल्या शब्दाला आहे, अशी त्यात एक छुपी फुशारकी होती, हे मला त्या क्षणी कळलं. माझा शब्द त्याने विचारलाच नव्हता. आठ सीझन शतकांनंतर शतकं झाली, त्याच्याभोवती वाहवा करणारे जमले, आणि त्या सगळ्यांत हुकमी हो म्हणणारा मी होतो.

"मामा," तो म्हणाला, "तू मला कधी आउट करायला बॉल टाकला आहेस का रे?"

मी आठवून पाहिलं. हजारो बॉल टाकले असतील. त्याला बरं वाटावं म्हणून टाकले, त्याचा हात बसावा म्हणून टाकले, सकाळ चांगली जावी म्हणून टाकले. एकही आठवेना.

"आज टाक," तो म्हणाला आणि स्टान्स घेतला. "खरंच. आउट कर मला."

मी बादलीतून बॉल उचलला. शिवण बोटांत नीट धरली, कुठे टाकायचा ते ठरवलं, ऑफ स्टंपच्या वर, जरा आखूड. हात फिरवला. बॉल हातातून सुटला आणि नेहमीसारखाच पुढे पडला, थोडा बाहेर, अर्ध्या उडीवर येणारा, त्याच्या सगळ्यात लाडक्या ठिकाणी.

त्याने तो मारला नाही. बॅट खाली टेकवून तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, आणि मी दुसरा बॉल उचलायला वाकलो.